परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात नोकरी: सोलापूरच्या मुलामुलींनी तयारी कशी करावी

माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षं एकाच प्रकारची वही असायची. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, सुट्टीत घरी आले की नवी पेठेतून घेतलेली. पट्टीनं रेघा मारून रकाने पाडायचे: पासपोर्टवर आहे तसं नाव, देश, पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी संपतो, नोंदणी कधी झाली, राहतो कुठे, घरचा नंबर. शेवटचा रकाना मी स्वतः वाढवलेला होता, ‘काही झालं तर कोणाला कळवायचं’. ही सगळी माहिती कॉम्प्युटरवरही होती. तरी मी वही सोडली नाही. सकाळच्या चहाबरोबर चार पानं उलटली की पुढच्या दोन महिन्यांत कोणाच्या तारखा येतायत ते नजरेखालून जायचं.

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या इंटरनॅशनल सेलमध्ये मी २००७ साली क्लार्क म्हणून लागले. सोलापुरातून बीकॉम झालेलं, पगार साडेसहा हजार. २०२१ च्या शेवटी आईसाठी परत आले आणि आता इथूनच दोन संस्थांच्या परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासून देते. पूर्व भागातली ओळखीची मुलं-मुली येऊन विचारतात, “ताई, या लाईनीत कसं शिरायचं?” प्रत्येकाला तेच तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी काम समजून घ्या

लोकांना वाटतं, परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचे. ते वर्षातले दोन दिवस. उरलेलं वर्ष तारखांमागे पळण्यात जातं.

एका मुलाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. तो आपल्या देशातून अर्ज करतो. त्याची बारावी आपल्या बारावीच्या बरोबरीची आहे का हे बघायचं. हे समकक्षतेचं काम वर्षानुवर्षं भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू करत आली, आणि २०२५ मध्ये यूजीसीनेही, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानेही, त्यासाठी स्वतःचे नियम आणले. मग प्रवेशपत्र द्यायचं, त्यावर तो तिथल्या भारतीय दूतावासातून स्टुडंट व्हिसा घेतो. तो आला की होस्टेलने किंवा घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची. आम्ही वर्षानुवर्षं ज्याला फॉर्म सी म्हणत आलो तो हाच. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी. मग बँकेत खातं, साधारणपणे एनआरओ, म्हणजे अनिवासी लोकांच्या रुपयांतल्या खात्याच्या प्रकारचं. मग सिमकार्ड, विद्यापीठाची पात्रता, परीक्षेचा फॉर्म, दरवर्षी बोनाफाईड, व्हिसाची मुदतवाढ. शेवटी गुणपत्रकं, मायग्रेशन आणि परतीचं तिकीट.

स्टुडंट व्हिसा ज्या संस्थेच्या नावाने मिळाला, शिक्षण तिथेच घ्यायचं असतं. “मला हे कॉलेज आवडलं नाही, शेजारच्या कॉलेजात जातो,” असं त्याला परवानगीशिवाय करता येत नाही, आणि या व्हिसावर नोकरीही करता येत नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना मात्र व्हिसाच लागत नाही. २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले २८ टक्के नेपाळचे. म्हणजे ‘परदेशी विद्यार्थी’ म्हटल्यावर गोरा चेहरा डोळ्यांसमोर आणत असाल, तर तो आजच बाजूला ठेवा. तुमच्यासमोर नेपाळ, अफगाणिस्तान, बांगलादेश, येमेन, सुदान, टांझानिया इथली मुलं बसणार आहेत. बहुतेकांच्या घरची स्थिती तुमच्या-माझ्यासारखीच असते.

कागद शिकायचा म्हणजे काय

माझी आई विड्या वळायची. दुपारी कारखान्यात विड्या मोजून दिल्या की तिच्या कार्डावर नोंद व्हायची. ती नोंद झाली का हे पाहिल्याशिवाय आई खिडकीपासून हलत नसे, कारण प्रॉव्हिडंट फंड, दवाखाना, आमची शिष्यवृत्ती, सगळं त्या कार्डाला बांधलेलं. कागदावर एक दिवस चुकला तर माणसाचं काय होतं हे मी तिथे, तिचा पदर धरून उभी असताना शिकले. या नोकरीत मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. सुदानचा एक मुलगा व्हिसाच्या मुदतवाढीसाठी बोनाफाईड मागायला आला. वेळेत आला होता. पत्र तयार झालं, पण सही करणारे साहेब रजेवर होते आणि फाईल त्यांच्या टेबलावर आठ दिवस पडून राहिली. दुसऱ्या अधिकाऱ्याची सही चालते का हे मी विचारलं नाही. मुदत उलटली. त्याला दंड भरावा लागला, दिवसच्या दिवस चकरा मारायला लागल्या, आणि ऑफिसात उभा राहून तो मला म्हणाला, “मॅडम, मी तर सांगितलं होतं.” त्या आठवड्यात मी वही घातली. दोन महिने आधी मुलाला निरोप, दीड महिना आधी पत्र तयार, सहीला पर्यायी अधिकारी कोण ते आधीच लिहून ठेवलेलं. तुम्ही कुठेही लागलात तरी पहिल्या आठवड्यात ही व्यवस्था बसवा.

दुसरा धडा नावांचा. आमच्या तेलुगू घरांत ‘इंटी पेरू’, म्हणजे घराण्याचं नाव, आधी लावतात आणि माणसाचं नंतर. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी मराठी पद्धतीने उलटं लिहिलं, मध्ये वडिलांचं नाव घातलं, आणि माझ्या भावाच्या बँकेच्या कागदांवर आजही दोन वेगळी नावं आहेत. त्यामुळे अफगाण मुलाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा दिसला तेव्हा मला नवल वाटलं नाही. इतर ऑफिसांना वाटलं. ऑनलाइन फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही, मग कोणीतरी वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकतं, आणि तीन वर्षांनी पदवीवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. मुलगा आपल्या देशात ती पदवी दाखवतो तेव्हा ती त्याची नाहीच असं ठरतं. म्हणून नियम एकच: प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट समोर उघडा ठेवून, स्पेलिंगचं एकेक अक्षर बोटाने दाखवत नाव लिहायचं आणि त्याखाली मुलाची सही घ्यायची.

तारखांचंही असंच. इथिओपियाच्या दाखल्यावरचं साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असतं, कारण त्यांची दिनदर्शिकाच वेगळी, तेरा महिन्यांची. अफगाण कागदांवर सौर हिजरी साल असतं. तिथलं १४०० म्हणजे आपलं २०२१-२२. आपल्याकडे शके आणि इसवी सन शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे हे समजायला आपल्याला जड जाऊ नये. पण ज्याला माहीत नाही तो “बारावीचं साल चुकलंय, कागद खोटा आहे” म्हणून अर्ज बाजूला टाकतो. असे टाकलेले अर्ज मी पाहिलेत.

आणि फी. मुलाच्या वडिलांनी ८०० डॉलर पाठवले, आपल्या खात्यात ७७० च्या आसपास आले. मधल्या बँकांनी त्यांचा आकार कापून घेतलेला असतो. हिशेब विभाग म्हणतो फी अपुरी, परीक्षेचा फॉर्म अडतो, मुलगा म्हणतो आम्ही पूर्ण भरली. दोघंही खरं बोलतात. पैसे पाठवताना ‘सगळे आकार पाठवणाऱ्याकडून’ हा पर्याय निवडायला आधीच सांगायचं. प्रवेशपत्राबरोबर ही एक ओळ जोडली तर वर्षभराची भांडणं वाचतात.

माणूस

पुण्याला या कामाची परंपरा आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात होते तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिलं की एक मुलगी होस्टेलमधल्या एका मुलाला रोज डबा देते. चौकशी केली तर कळलं, तो मॉरिशसचा, कावीळ झालेली, बघायला कोणी नाही. परदेशी मुलांच्या अशा हालांतून त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केलं. तो डबा लक्षात ठेवा, कारण आजही आजाराची खबर सगळ्यात आधी लागते ती मेसमध्ये. मी दर शुक्रवारी मेसच्या काकांना विचारायचे, “कोण दिसलं नाही?” काविळीचा एक, टायफॉइडचे दोन आणि घरची बातमी ऐकून खोलीत कोंडून घेतलेली एक मुलगी मला अशा सापडल्या. समुपदेशकापर्यंत त्यांना पोचवणं माझं काम. समुपदेशन स्वतः करायला बसणं हे माझं काम नव्हे. नव्या लोकांचा जीव इथेच गुंततो. ते मुलांची आई व्हायला जातात, रात्री दोनला फोन घेतात आणि वर्षभरात थकून नोकरी सोडतात. रात्रीच्या फोनसाठी पाळ्या लावून घ्या.

ऑगस्ट २०२१ मात्र कुठल्याही पाळीत बसला नाही. लॉकडाऊनमध्ये घरी गेलेली आमची अफगाण मुलं ऑनलाइन वर्गांत बसत होती. १५ तारखेला काबूल पडलं, आणि दहाच दिवसांत भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे सगळे व्हिसे रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. परीक्षेच्या लिंक उघडत नसतील तर वेळ वाढवून मागणं, गुणपत्रकांच्या स्वच्छ प्रती काढून ईमेलने पाठवणं, ‘ही आमची विद्यार्थिनी आहे’ असं सहीशिक्क्याचं पत्र देणं, एवढंच करता येत होतं. एका मुलीने लिहिलं, घरात हे कागद ठेवणं धोक्याचं आहे, तुमच्याकडे माझी प्रत राहू द्या. ती प्रत त्या ऑफिसच्या कपाटात अजून आहे. जाताना मी ती फाईल नव्या मुलीच्या हातात देऊन आले.

सोलापुरात राहून काय शिकता येईल

इथे परदेशी विद्यार्थी मोजकेच दिसतात, म्हणून सराव होणार नाही असं समजू नका. सोलापूरच्या कॉलेजांत विजयपूर, कलबुर्गी भागातून मुलं येतात. दुसऱ्या राज्याचं बोर्ड, मायग्रेशन, पात्रता, कन्नडमधला जातीचा दाखला: परदेशी विद्यार्थ्याच्या फाईलची ही छोटी आवृत्तीच आहे. आपल्या कॉलेजच्या ऑफिसात जा, प्रवेशाच्या दिवसांत पंधरा दिवस मदतीला बसू द्या म्हणून विनंती करा. पैसे मागू नका, पण काम केल्याचं पत्र जरूर मागा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झालं, त्यामुळे पात्रता विभागापासून परीक्षा विभागापर्यंत सगळं केगावला एकाच आवारात पाहायला मिळतं. फाईल कुठून निघते, कुठे अडते, कोणाच्या सहीने सुटते हे एकदा पायी फिरून बघा.

भाषेत तर आपण आधीच पुढे आहोत. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी. ज्याची भाषा तुटकी आहे त्याचं म्हणणं समजून घेण्याचा सराव सोलापूरच्या पोराला लहानपणापासून असतो. मुलाखतीत हे सांगा, उदाहरणासकट. उर्दू वाचता येत असेल तर दारी (अफगाणिस्तानातली भाषा) आणि अरबी कागदांवरची नावं, आकडे लावायला फार मदत होते. अर्थ कळला नाही तरी पासपोर्टशी नाव ताडून बघता येतं. इंग्रजी बोलण्यापेक्षा इंग्रजी पत्र लिहिण्यावर मेहनत घ्या. चार ओळींत, आदराने आणि एकच अर्थ निघेल असं. रोज एक लिहा: दूतावासाला, पालकांना, बँकेला. तिसरी भाषा हवी असेल तर पुण्यात गेल्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. मी तिथे संध्याकाळी फ्रेंच शिकले आणि आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या मुलांचे दाखले वाचू लागले.

कायदा वाचायला घाबरू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे त्यात गेले. जुन्या टिपणांवर अभ्यास करत असाल तर ती बदला. ई-एफआरआरओचं, म्हणजे त्याच नोंदणी कार्यालयाचं ऑनलाइन पोर्टल २०१८ पासून सुरू आहे. त्यावर कोणत्या कामाला कोणते कागद लागतात याच्या याद्या आहेत. एक संध्याकाळ काढून त्या वहीत उतरवा. मुलाखतीत असं नेमकं ज्ञान असलेला उमेदवार मला क्वचितच भेटला.

पदवी कोणती, नोकरी कुठे

पदवी कोणतीही चालते. एमएसडब्ल्यू, मानसशास्त्र, कायदा, भाषा किंवा एमबीए असेल तर वर चढायला सोपं जातं. विद्यापीठात सहायक कुलसचिव व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के धरून चाला, म्हणून एमए-एमकॉम रडतखडत करू नका.

जागा निघतायत का? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सांगितलं की परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष असावा. यूजीसीने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०२२ मध्ये परदेशी मुलांसाठी २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागांची मुभा दिली. शिष्यवृत्तीची मुलं आयसीसीआरमार्फत, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत येतात, स्वखर्चाची बरीच सरकारच्या ‘स्टडी इन इंडिया’ पोर्टलवरून. शिवाय आता परदेशी विद्यापीठंच भारतात आलीत. डीकिन गुजरातच्या गिफ्ट सिटीत, साउदॅम्प्टन गुरुग्रामला, आणि मुंबई-नवी मुंबईसाठीही काहींना परवानगी मिळाली आहे. पण माझा अनुभव सांगते: सरकारी विद्यापीठांत कायम जागा फार कमी निघतात, कक्ष कंत्राटी माणसांवर चालतो. पहिली नोकरी खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात, बहुधा पुण्यात, बहुधा ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘कोऑर्डिनेटर’ नावाने मिळेल. हातात घेताना एक प्रश्न जरूर विचारा: “माझ्यावर प्रवेशाचं टार्गेट असेल का?” काही ठिकाणी कक्षाच्या नावाखाली मुलं आणून देणारी विक्रीची नोकरी असते. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ते दुसरं काम आहे, आणि दोन्ही एकाच माणसाकडे असली की मुलाच्या अडचणीपेक्षा आकडा मोठा होतो. अशा एका ठिकाणी मी चार महिने होते आणि सोडून आले.

परदेशात हे काम करायचं स्वप्न असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. अमेरिकेत एफ-१, म्हणजे तिथल्या स्टुडंट व्हिसावरच्या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी हाताळणारा अधिकारी, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात, तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच असावा लागतो. एमएसला जाऊन थेट ती खुर्ची मिळणार नाही. पण शिकत असताना सत्र चालू असेपर्यंत आठवड्याला २० तास आवारातच काम करता येतं, आणि नव्या मुलांच्या स्वागताच्या दिवसांत त्या कार्यालयांना हात लागतात. तिथे काम केलेली माझी एक मैत्रीण परत येऊन इथे थेट वरच्या पदावर लागली.

मी नव्या मुलांना सोलापूर दाखवायला आणते तेव्हा सिद्धेश्वराच्या तळ्यानंतर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात नेते. १९३८ मध्ये हा सोलापूरचा मुलगा वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथली भाषा शिकला, तिथेच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेला, वय ३२. टांझानियाच्या एका मुलाने भिंतीवरचे फोटो बराच वेळ पाहिले आणि मला विचारलं, “याची नोंदणी तिथे कोणी करून दिली असेल?” मी त्याला म्हटलं, माहीत नाही, पण कोणीतरी भाषा शिकवली, कोणीतरी जेवू घातलं, हे नक्की.

आता वेळापत्रक. प्रवेशांचा हंगाम जूनपासून चढतो, त्यामुळे संस्था माणसं शोधतात ती फेब्रुवारी ते मे. दिवाळीच्या सुट्टीत कायद्याचं आणि पोर्टलचं टिपण पुरं करा, डिसेंबरात कॉलेजचं कामाचं पत्र घ्या, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की अर्ज पाठवायला लागा. एका पानाचा बायोडाटा, आणि त्याबरोबर तुम्ही स्वतः तयार केलेली एक नमुना फाईल: काल्पनिक विद्यार्थी, प्रवेशपत्रापासून मायग्रेशनपर्यंत लागणारे कागद क्रमाने, प्रत्येकापुढे मुदत. मुलाखत सकाळी अकराची ठेवत असतील तर दुपारची मागून घ्या. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस साधारण चार तासांत पुण्याला पोचवते, आणि मुलाखत दुपारची असली की गाडीला उशीर झाला तरी तुमच्या हाताशी दोन तास राहतील.